बायप्लेनचं मोठं मॉडेल बांधताना: भोकं सगळ्यात आधी, वरचा पंख रंगानंतर

सांगली, मिरज आणि साताऱ्याकडून मोठ्या स्केलची बायप्लेन मॉडेलं मला दाखवायला येतात, त्यांतल्या बहुतेकांत तीच गडबड असते. रंग छान, कॉकपिट सुरेख, पण वरचा पंख एका बाजूला कललेला. पंखांमधल्या तारा लोंबताहेत, नाहीतर लावलेल्याच नाहीत, कारण दोन पंखांच्या मधे ड्रिल धरायला जागाच उरलेली नाही. एकपंखी विमान ज्या क्रमाने बांधतात त्याच क्रमाने दुपंखी बांधायला घेतलं की हे होणारच. सूचनापत्रावरचे आकडे कुठला भाग कुठे बसतो एवढंच सांगतात. आधी काय आणि नंतर काय, हे बायप्लेनमधे आपल्याला ठरवावं लागतं.

उदाहरणासाठी 1/32 स्केलचं टायगर मॉथ, म्हणजे वैमानिकांना शिकवायचं जुनं ब्रिटिश विमान, घेतलंय. आयसीएम कंपनीचं किट या मापात आहे. खऱ्या विमानाचा पंखविस्तार 8.94 मीटर, म्हणजे मॉडेलचा साधारण 28 सेंटीमीटर. पहिल्या बायप्लेनसाठी माझी शिफारस यालाच: प्रत्येक बाजूला पंखांमधे स्ट्रटची (दोन पंखांना जोडणाऱ्या उभ्या दांड्यांची) एकच जोडी आणि रंगसंगती सोपी. स्ट्रटच्या दोन-दोन जोड्या असलेली विमानं पुढच्या खेपेला घ्या.

1. पेटी उघडल्यावर, गोंदाला हात लावण्याआधी

स्प्रू (सुटे भाग ज्याला जोडलेले येतात त्या प्लास्टिकच्या चौकटी) कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब टाकून जुन्या टूथब्रशने धुवा. साच्यातून सुटण्यासाठी लावलेला तेलकट थर राहिला, तर पुढे मास्किंग टेप काढताना रंग टेपबरोबर सोलून येतो. वाळवायचं सावलीत. एप्रिल-मे मधे गच्चीवर किंवा बंद गाडीत ठेवलेल्या स्प्रूमधले बारीक स्ट्रट वाकतात.

मग प्रत्येक पंखाची मागची कड काचेवर टेकवून बघा. वाकडेपणा दिसला तर आत्ताच काढायचा. पॉलिस्टायरीन, म्हणजे किटचं प्लास्टिक, 100 अंशांच्या थोडं आधीच मऊ पडायला लागतं, म्हणून उकळतं पाणी नको. 70 अंशांच्या आसपासच्या पाण्यात पंख अर्धा मिनिट धरा, हलक्या हाताने सरळ करा आणि तसाच धरून गार पाण्यात बुडवा. एकदम जोर लावण्यापेक्षा थोडं थोडं दोन-तीन वेळा करा.

हत्यारांपैकी पिन वाइस (बोटांनी फिरवायचं छोटं ड्रिल) आणि 0.3 मिलिमीटरचे ड्रिल बिट मागवावे लागतील. चार-पाच बिट घ्या, ते मोडतात. बाकीचं बरंचसं इथेच मिळतं. सोनारकामाचे टोकदार चिमटे आणि बारीक कानशी मॉडेलच्या नावाने विकल्या जाणाऱ्या महागड्या सेटपेक्षा सरस असतात. गाड्या रंगवणारे वापरतात तो वॉटर पेपर 400 पासून 2000 नंबरपर्यंत घ्या. पाट्या बनवणाऱ्यांकडे सनबोर्डचे तुकडे मिळतील, तेही आणून ठेवा. शाळेच्या कंपासपेटीतलं कर्कटक लागणार आहे.

2. तारांचा नकाशा

ही पायरी लोक गाळतात, आणि पुढच्या बहुतेक चुका इथूनच निघतात.

सूचनापत्रातल्या समोरच्या आणि बाजूच्या चित्राची मोठी झेरॉक्स काढा. प्रत्येक तारेला नंबर द्या आणि ती कुठून कुठे जाते ते रंगीत पेन्सिलीने ओढा. नुसतं चित्र बघून ओढू नका, तार कशासाठी आहे ते कळलं की ती चुकत नाही. उड्डाणाच्या तारा धडाच्या खालच्या कडेपासून निघून तिरक्या वर-बाहेर जातात आणि वरच्या पंखाला, बाहेरच्या स्ट्रटच्या डोक्याशी मिळतात. हवेत पंख वर उचलले जातात तेव्हा ती ओढ या तारा घेतात. उतरण्याच्या तारा बरोबर उलट्या: वर मध्यभागाकडून निघून खालच्या पंखावर स्ट्रटच्या पायाशी. विमान जमिनीवर असताना पंखांचं वजन त्यांच्यावर असतं. याशिवाय कॅबेन स्ट्रटच्या (धडावर वरच्या पंखाचा मध्य तोलणाऱ्या दांड्यांच्या) चौकटीतल्या फुलीच्या तारा, शेपटीच्या तारा आणि सुकाणू हलवणारे दोर.

टायगर मॉथच्या मुख्य तारा म्हणजे हवेला कमी अडथळा व्हावा म्हणून चपट्या केलेल्या पोलादी सळ्या. त्यांच्या मधे टर्नबकल (तारेचा ताण कमी-जास्त करायचे स्क्रू) लावत बसू नका. टर्नबकल आणि पीळदार दोर ही पहिल्या महायुद्धातल्या जर्मन विमानांची गोष्ट.

तपासणी: नकाशावर डावी-उजवी बाजू मोजा. आकडा जुळला नाही तर एखादी तार सुटली आहे.

3. भोकं

सगळे पंख सुटे, रंगाशिवाय, हातात आरामात धरता येतात तोवरच तारांची भोकं पाडायची. धडावरची भोकंही आत्ताच, दोन अर्धे जोडण्याआधी.

एका भोकाचं सांगतो, बाकीची तशीच. खालच्या पंखावर, पुढच्या स्ट्रटच्या खाचेच्या आतल्या बाजूला उतरण्याची तार येते. जागेवर आधी सुईच्या टोकाने खड्डा करा, नाहीतर बिट घसरतो आणि कापडाच्या पोतावर ओरखडा उठतो. बिट खड्ड्यात उभा धरा आणि दोन-तीन फेरे द्या, कडा पकडली गेली पाहिजे. आता पिन वाइस हळूहळू कलता करा, तार ज्या दिशेने येणार त्या दिशेला. कोन नकाशावर कोनमापकाने मोजून ठेवलेला असला तर उत्तम. बोटांच्या चिमटीत फिरवा, दाब जवळजवळ नको. बिटवर टोकापासून दीड मिलिमीटरवर टेपची चिंधी गुंडाळून ठेवा आणि टेप पृष्ठभागाला टेकली की थांबा. अधूनमधून बिट बाहेर काढून चुरा पुसा, चुरा अडकला की बिट मोडतो आणि तुकडा आतच राहतो.

उभी भोकं पाडणं ही इथली नेहमीची चूक. तार तिरकी येते, भोक सरळ असतं, मग तोंडाशी तार वाकते आणि ती वाक लांबूनही दिसते.

सावधान: मागच्या कडेकडे पंख पातळ होत जातो. तिथे एक मिलिमीटरच्या पुढे जाऊ नका, नाहीतर बिट दुसऱ्या बाजूने बाहेर येईल.

तपासणी: प्रत्येक भोकात ब्रशचा एकेक जाड केस खोचून पंख समोर धरा. डावीकडचे केस उजवीकडच्यांचं प्रतिबिंब दिसले पाहिजेत. एखादा वेगळ्या दिशेला बघत असेल तर ते भोक स्प्रूच्या ताणलेल्या धाग्याने बुजवून पुन्हा पाडा. नंतर हे करता येणार नाही.

4. कॉकपिट

दोन्ही कॉकपिट उघडी, त्यामुळे आतलं दिसतं, पण लोक इथे महिनाभर रमतात आणि पंखांच्या वेळेला उत्साह संपलेला असतो. सीट, पट्टे, डायल आणि स्टिक एवढं नीट करा. पट्ट्यांसाठी गोळ्यांच्या पाकिटाची पातळ फॉइल चालते, तापवून मऊ केली की सीटवर छान पडते. लाकडाचा भाग आला की खाली फिकट बदामी अॅक्रिलिक, वर बर्न्ट अंबर ऑइल कलरचा पातळ हात, आणि तो ओला असताना कोरड्या चपट्या ब्रशने एकाच दिशेने ओढ. प्रोपेलरही असाच करायचा आहे, तो आत्ताच करून बाजूला ठेवा. ऑइल कलर पावसाळ्यात आठवडाभरही ओलसर राहतो.

5. धड, खालचा पंख, शेपूट

धडाचे अर्धे पातळ गोंदाने जोडा आणि रात्रभर ठेवा. सांध्यावर पुट्टी शक्य तितकी कमी. गाड्यांची एनसी पुट्टी जाड थापली तर तिच्यातलं सॉल्व्हंट प्लास्टिक मऊ करतं आणि महिन्याभराने सांधा आत बसतो. लागलीच तर पातळ थर, वाळू द्या, मग दुसरा. वॉटर पेपर फिरवताना शेजारच्या कापडाच्या पोतावर टेप लावा, घासला गेलेला पोत परत आणता येत नाही.

खालचा पंख चिकटवल्यावर गोंद ओला असतानाच सगळे स्ट्रट आणि वरचा पंख कोरडेच, गोंद न लावता, जागेवर बसवा आणि टेपने धरून तसंच वाळू द्या. म्हणजे खालच्या पंखाचा कोन वरच्या पंखाशी जुळूनच पक्का होतो. एवढी एक सवय लावली तरी वरचा पंख पुढे फार त्रास देत नाही.

तपासणी: दोऱ्याने डाव्या पंखाच्या टोकापासून शेपटीच्या मध्यापर्यंत मापा, मग उजव्या. फरक एका मिलिमीटरच्या आत हवा. शेपूट समोरून पाहताना पंखाशी समांतर दिसली पाहिजे. वाळल्यावर वरचा पंख काढून ठेवा.

6. रंग आणि डिकल, सगळं सुटं असतानाच

वरचा पंख सुटा, बाहेरचे स्ट्रट सुटे, चाकं सुटी. धड, खालचा पंख आणि शेपूट तेवढे एकत्र.

सावधान: हार्डवेअरच्या दुकानात मिळणारं एनसी थिनर मॉडेलवर पुसायला किंवा ब्रशने रंग लावायला वापरू नका. ते पॉलिस्टायरीन विरघळवतं. अॅक्रिलिकला त्याच कंपनीचं थिनर.

आपल्याकडच्या हवेचा इथे संबंध येतो. सांगलीच्या उन्हाळ्यात अॅक्रिलिक एअरब्रशमधून निघून प्लास्टिकपर्यंत पोचेपर्यंतच सुकायला लागतं आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. रिटार्डरचे (रंग हळू सुकवणाऱ्या द्रवाचे) दोन थेंब घाला, जवळून फवारा, आणि काम सकाळी लवकर उरका. जुलै-ऑगस्टमधे, विशेषतः साताऱ्याच्या पश्चिमेकडे, अडचण उलटी असते: लॅकर आणि चकचकीत वॉर्निशवर दमटपणामुळे पांढुरकी झाक येते. पाऊस चालू असताना लॅकर फवारूच नका. हवा कोरडी होईपर्यंत थांबणं हा सगळ्यात स्वस्त उपाय.

ट्रेनर विमानाचा पिवळा करड्या प्रायमरवर मळकट दिसतो. खाली पांढरा किंवा फिकट गुलाबी थर द्या, मग पिवळ्याचे पातळ हात. युद्धकाळातली छद्मरंगाची योजना निवडली असेल तर खालच्या पंखाचे हिरवा-तपकिरी रंग वरच्या पंखापेक्षा फिके दिलेले आढळतील. ती छपाईची चूक नाही. तेव्हा तसे रंगवत असत.

डिकलचा, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायच्या छापील खुणांचा, क्रम असा: चकचकीत वॉर्निश, डिकल, सॉफ्टनर (डिकल मऊ करणारा द्रव), दोन दिवस सुकणं, मग सॅटिन वॉर्निश. वॉर्निश न लावता खरखरीत रंगावर डिकल बसवली की तिच्याखाली हवा राहते आणि चंदेरी डाग दिसतात. डिकलच्या खाली आलेली तारांची भोकं सुईने लगेच मोकळी करा.

तपासणी: स्ट्रट जिथे टेकणार त्या सगळ्या खाचांतला आणि स्ट्रटच्या टोकांवरचा रंग ब्लेडने खरवडून प्लास्टिक उघडं करा. रंगावर लावलेला गोंद रंगालाच धरतो, आणि स्ट्रट रंगासकट सुटून येतो.

7. सनबोर्डचा साचा आणि वरचा पंख

टायगर मॉथचा वरचा पंख खालच्याच्या थोडा पुढे असतो आणि दोन्ही पंख मागे कललेले असतात. शिवाय समोरून पाहिलं तर दोन्ही पंखांची टोकांकडे चढण सारखी नसते. त्यामुळे नुसत्या नजरेने हा पंख बसवायला जाऊ नका. साचा हवाच.

5 मिलिमीटर सनबोर्डचा सपाट पाट घ्या. सूचनापत्रातलं बाजूचं चित्र मॉडेलच्या मापाला आणा, दोन्ही पंखांच्या काटछेदांची जागा सनबोर्डवर उतरवा आणि त्या आकाराच्या खाचा कापा. अशा दोन सारख्या पट्ट्या, एक डाव्या स्ट्रटच्या जरा आत, दुसरी उजव्या. चढणीमुळे खाचेची उंची त्या ठिकाणच्या पंखाप्रमाणे घ्या, धडाजवळची नको. पट्ट्या पाटावर काटकोनात उभ्या करा. खालचा पंख खालच्या खाचेत, वरचा वरच्या खाचेत. धड जागचं हलता कामा नये.

मग क्रम:

पहिल्यांदा कॅबेन स्ट्रट धडाला. वरचा पंख साच्यात कोरडाच ठेवलेला असू दे, म्हणजे स्ट्रटची डोकी आपोआप योग्य जागी येतील. हे पूर्ण वाळू द्या. नंतर कॅबेनच्या डोक्यांवर गोंद आणि पंख. बाहेरचे स्ट्रट सगळ्यात शेवटी, किंचित बाहेर फाकवून खाचांत बसवायचे.

इथे फेविक्विक वापरू नका. ते दोन सेकंदांत धरतं, आणि पंख सरळ करायला दहा मिनिटं तरी लागतात. हळू धरणारं अराल्डाइट टाचणीच्या डोक्याएवढं लावा, बाहेर आलेलं स्पिरिटच्या बोळ्याने लगेच टिपा. एक दिवस साचा हलवू नका.

तपासणी, अराल्डाइट मऊ असतानाच: समोरून दोन्ही पंखांची टोकं एका रेषेत, वरून वरच्या पंखाचा मध्य धडाच्या मध्यावर, मागून वरच्या पंखाची मागची कड शेपटीशी समांतर. मग कर्कटकाने डावीकडे आणि उजवीकडे बाहेरच्या स्ट्रटच्या पायापासून वरच्या पंखाच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजा. मॉडेल उजेडाकडे धरून बघण्यापेक्षा हे मोजमाप जास्त खात्रीचं.

8. तारा

कशाच्या? ताणली जाणारी लवचीक दोरी सोपी, नवख्याला चालेल, पण जरा हात लागला की थरथरते. मासे धरायची नायलॉनची तंगूस भोकांतून ओवून ताणता येते, पण नायलॉन हवेतलं पाणी शोषतं आणि पावसाळ्यात ढिलं पडतं. कोयनेच्या बाजूला राहणाऱ्यांनी तंगुसाच्या वाटेला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

माझी पसंती सतारीच्या तारेला. मिरजेत सतार-तंबोरे बनवणाऱ्यांकडे जा आणि "काका, तरफेची सगळ्यात बारीक पोलादी तार द्या" असं सांगा. 0.2 मिलिमीटरच्या आसपासची मिळाली की काम झालं: 1/32 मधे ती 6.4 मिलिमीटरची होते, आणि खऱ्या सळीच्या जवळ जाते. व्हर्नियरने मोजूनच घ्या, 0.25 च्या वर नको. तार स्वतःच ताठ असल्यामुळे पंखांवर ओढ येत नाही. ताणलेल्या दोऱ्याने पंख वाकलेली मॉडेलं मी बरीच पाहिली आहेत, तारेने वाकलेलं नाही.

तार वेटोळ्यातून येते म्हणून तिला बाक असतो. लागेल त्यापेक्षा जरा लांब तुकडा कापा आणि दोन गुळगुळीत फरशांमधे पुढे-मागे लाटा. काचेवर ठेवल्यावर पूर्ण टेकली पाहिजे.

सावधान: प्लास्टिक कापायच्या नाजूक निपरने पोलादी तार कापू नका, पात्याला कायमची खाच पडते. जुनी पकड वापरा, चष्मा लावा, आणि तुटणारं टोक बोटाने दाबून धरा.

बसवायचा क्रम आतून बाहेर: कॅबेनच्या फुल्या, मग उतरण्याच्या तारा, मग उड्डाणाच्या, मग शेपूट, शेवटी सुकाणूचे दोर. बाहेरच्या आधी लावल्या तर आतल्या भोकांपर्यंत चिमटा जात नाही.

कर्कटकाची टोकं दोन भोकांच्या तोंडांवर ठेवा, ते अंतर काचेवरच्या तारेला लावा आणि दोन्ही भोकांच्या खोलीसाठी मिळून एक मिलिमीटर जास्त धरून कापा. टोकं कानशीने साफ करा. एक टोक भोकात सरकवा, तारेला मधे चिमट्याने अगदी जराशी कमान द्या, दुसरं टोक समोरच्या भोकासमोर आणा आणि सोडा. माप बरोबर असलं तर तार आपोआप सरळ होऊन धरून राहते. कमान राहिली तर लांब आहे: बाहेर काढा, कानशीचा एक हात, परत. हाताने दाबून बसवू नका. दोन्ही टोकांना टाचणीने फेविकॉलचा ठिपका द्या. तो वाळला की दिसत नाही, आणि चुकलं तर पाण्याने सुटतो.

आपल्या दमट हवेत पोलाद गंजतं, बोटांच्या घामाने आणखी लवकर. कापलेल्या तारा स्पिरिटने पुसा, वॉर्निशचा एक हात देऊन वाळवा, आणि त्यानंतर चिमट्यानेच उचला.

तपासणी: समोरून बघा. डाव्या-उजव्या तारांच्या फुल्या सारख्याच उंचीवर छेदल्या पाहिजेत. नकाशावर लावलेल्या तारेला खूण करत जा.

9. उरलेलं

विंडस्क्रीन आता, आणि फेविकॉलनेच. फेविक्विकच्या वाफेने पारदर्शक प्लास्टिकवर पांढरी बुरशी धरल्यासारखा थर येतो आणि तो पुसला जात नाही. चाकं, प्रोपेलर, धुराड्याची नळी यानंतर. मळवायचं असेल तर बेताने: इंजिनाखाली तेलाचे एक-दोन ओघळ आणि शेपटीच्या टेकूपाशी माती. पंखांवर काळपट रेघा ओढू नका, कापडाच्या विमानाला धातूच्या पत्र्यासारखे सांधे नसतात.

मॉडेल उचलताना धडाला खालून, खालच्या पंखाच्या मुळाशी धरा, स्ट्रट किंवा वरच्या पंखाला कधीच नाही. एसटीने किंवा दुचाकीवर न्यायचं तर सनबोर्डचा तोच साचा खोक्याच्या तळाला चिकटवून त्यात न्या. घरी काचेच्या पेटीत, थेट ऊन न येणाऱ्या भिंतीला ठेवा, सोबत सिलिका जेलच्या पुड्या आणि पावसाळ्यात त्या दर महिन्याला बदलत जा. धूळ बसलीच तर मऊ ब्रश तारांच्या लांबीच्या दिशेने फिरवा. आडवा फिरवला तर टोकं भोकांतून निसटतात, आणि आतली तार निसटली तर ती परत बसवायला बाहेरच्या आधी काढाव्या लागतात.